धरणे असूनही पूर का येतो?

प्रश्न : पुण्याच्या वरच्या अंगाला खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर अशी चार धरणे असूनही जुलै २०२४ मध्ये मुठा नदीकाठच्या एकतानगरीत पाणी शिरले. पूर अडवण्यासाठी ही धरणे पावसाळ्यात रिकामी का ठेवली जात नाहीत?
– एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर : पाऊस कोसळत असताना जलाशयात जेवढी जागा रिकामी असेल, तेवढाच पूर धरण अडवू शकते. झारखंड-बंगालमधील दामोदर नदीच्या खोऱ्यातील मैथन आणि पंचेत ही धरणे पूरनियंत्रणासाठी बांधली गेल्यामुळे तेथे अशी जागा मूळ रचनेतच राखलेली आहे. तरीही योजलेली सर्व धरणे झाली नाहीत आणि पूर्ण साठ्यासाठी लागणारी जमीनही हाती आली नाही. म्हणून बंगालच्या सखल भागातील पूर कमी झाले, थांबले नाहीत.

आपली धरणसाखळी मात्र पाणी साठवण्यासाठी आहे. चारही धरणांचा मिळून सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) उपयुक्त साठा पुण्याला पिण्यासाठी आणि दौंड-इंदापूरपर्यंतच्या शेतीला पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरवावा लागतो. जागा रिकामी ठेवली आणि पावसाने मध्येच दडी मारली, तर उन्हाळ्यात त्याची किंमत शहर आणि शेतकरी दोघांनाही मोजावी लागेल.

त्यात खडकवासला हे साखळीतील सर्वांत खालचे धरण, १८७९ मध्ये पूर्ण झालेले, आणि त्याचा उपयुक्त साठा दोन टीएमसीहूनही थोडा कमी आहे. जुलै २०२४ मध्ये तेथून होणारा विसर्ग, म्हणजे सोडले जाणारे पाणी, ३५ हजार क्युसेकच्या (सेकंदाला घनफूट) घरात गेला होता. एवढाच येवा, म्हणजे धरणात येणारे पाणी, सतत चालू राहिला, तर पूर्ण रिकामे खडकवासलासुद्धा सोळा तासांच्या आत भरून जाईल. वरची धरणे मोठी आहेत, पण त्यांच्या खालच्या डोंगरउतारांवर पडणारा पाऊस थेट खडकवासल्यातच येतो.

धरण भरल्यावर येईल तेवढे पाणी सोडण्यावाचून इलाज नसतो, कारण मातीच्या भरावावरून पाणी वाहू लागले की तो धुपून फुटू शकतो. १२ जुलै १९६१ रोजी काम अपुरे असलेले पानशेत धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटले आणि नदीकाठचे पुणे उद्ध्वस्त झाले. त्यामुळे विसर्ग केला म्हणून कोणालाही दोष देता येणार नाही. तो कधी आणि कसा केला, हे मात्र आपण अवश्य विचारावे. पावसाचा अंदाज पाहून आधीच, शक्यतो दिवसा आणि टप्प्याटप्प्याने पाणी सोडले, तर लोकांना सामान हलवता येते. मध्यरात्री एकदम वाढवलेल्या विसर्गापुढे तळमजल्यावरची वृद्ध माणसे काय करणार?

याहून मोठी चिंता नदीच्या पात्राची आहे. धरणांमुळे कित्येक वर्षे मुठेला मोठे पाणी येत नाही, काठ कोरडा दिसतो आणि तेथे भराव, भिंती आणि इमारती उभ्या राहतात. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी निळी रेषा दाखवते, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत राहणाऱ्या कुटुंबांचे संरक्षण या चार धरणांकडून होईल, असे मानणे मला धोक्याचे वाटते. आपली इमारत कोणत्या रेषेच्या आत आहे, हे आपल्या सोसायटीने महापालिकेकडे लेखी विचारावे आणि विसर्गाची सूचना रात्री कोणी कोणाला कळवायची, हे पावसाळ्यापूर्वीच ठरवून ठेवावे.