शेवटी कोण राहणार?

टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एकेक पात्र होऊन खेळायच्या तुमच्या रोल-प्लेइंग खेळाची अडचण अशी दिसते: कॉलेज जादूचं, काळ आजचा, वातावरण अंधारं आणि जिवावर बेतणारं, चार प्लेअर तिथले विद्यार्थी. तरी तिसऱ्या सेशनपर्यंत कुणालाच भीती वाटेनाशी झाली. तळघरातून काहीही बाहेर काढलं तरी सगळे सरळ मारामारीसाठी फासे उचलतात. आता राक्षस आणखी मोठा करू का, असं तुम्ही विचारलंय.

करू नका. राक्षस मोठा केला की मारामारी लांबते, एवढंच होतं. अशा कॉलेजात भीती असते ती फीची. युरोपातल्या जुन्या लोककथांना हे पक्कं ठाऊक होतं, आणि गेम मास्टर, म्हणजे खेळातली गोष्ट चालवणारा, म्हणून मी जे काही शिकलो त्यातलं बरंचसं तिथूनच उचललंय.

आइसलंडची कथा घ्या. सायमुंडुर फ्रोदी हा खराखुरा माणूस, 1056 ते 1133 या काळातला विद्वान धर्मगुरू. परदेशात शिकून आला होता. लोकांनी त्या शिक्षणाची 'काळी शाळा' करून टाकली. या शाळेला खिडकी नाही. मास्तर कुणाला दिसत नाही. पुस्तकांतली अक्षरं विस्तवासारखी लाल, म्हणून काळोखातही वाचता येतात. रोज भिंतीतून एक करडा, केसाळ हात बाहेर येतो, जेवण देतो आणि परत आत जातो. तीन वर्षं, काही ठिकाणी सात म्हणतात, उजेड बघायचा नाही. आणि फी एकच. शिक्षण संपवून निघताना जो सगळ्यांत शेवटी दाराबाहेर पडेल, तो मास्तरचा. मास्तर म्हणजे सैतान.

यात अंगावर धावून येणारं काहीच नाही, हे बघा. एक हात आहे, आणि तोसुद्धा जेवायला वाढतो. पण त्या अटीमुळे पहिल्या दिवसापासून प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघून मनात मोजायला लागतो.

सायमुंडुर सुटला कसा, त्याचे दोन प्रकार सांगतात. एकात तो आपणहून म्हणतो, मी शेवटी निघतो. अंगावर ढगळ झगा नुसता टाकतो, बाह्या न घालता, बटणं न लावता. जिन्यावर पाय ठेवताच सैतान झगा पकडतो, हा झग्यातून निसटतो, आणि लोखंडी दार टाचांना घासून बंद होतं. 'दार टाचांजवळ आपटलं' ही तिकडे म्हणच झाली. दुसऱ्या प्रकारात दारात ऊन असतं, त्याची सावली मागे भिंतीवर पडते. सैतान हात घालतो तेव्हा तो म्हणतो, मी शेवटचा नाही, माझ्या मागे अजून एक आहे. सैतान सावली ठेवून घेतो आणि सायमुंडुर जन्मभर बिनसावलीचा राहतो. मला ही दुसरी कथा जास्त आवडते. सुटकेचीही किंमत पडते, आणि ती सगळ्यांना दिसते.

हीच अट इतरत्रही सापडते. आजच्या रोमानियातल्या ट्रान्सिल्व्हेनिया भागातल्या सैतानाच्या शाळेबद्दल लेखिका एमिली जेरार्ड यांनी 1885 मध्ये लिहिलं. तिथे विद्यार्थी दहा. नऊ जण घरी जातात, दहावा मास्तरकडे राहतो आणि ड्रॅगनवर बसून वादळं घडवायच्या कामाला लागतो. स्पेनमध्ये सालामांका या नावाजलेल्या विद्यापीठाच्या गावातच, एका जुन्या चर्चच्या तळघरात असा वर्ग भरे म्हणतात. सात जण, सात वर्षं, एक मागे. म्हणजे खऱ्या विद्यापीठाच्या पायाखाली दुसरं विद्यापीठ. तुमच्या आजच्या कॉलेजला याहून चांगला नकाशा मिळणार नाही.

आता टेबलावर कसं आणायचं. फी पहिल्याच सेशनला सांगून टाका. लपवून ठेवून शेवटी धक्का द्यायचा मोह आवरा, कारण माहीत नसलेल्या अटीची भीती वाटत नाही. प्राध्यापक दाखवू नका. हाताच्या जागी मेसची खिडकी चालेल, ताट सरकवणारे हात दिसतात, चेहरा नाही. काळोखात चमकणारी अक्षरं तर आज प्रत्येकाच्या खिशात आहेत. अभ्यासक्रम मोबाइलवर येऊ दे, फक्त दिवे गेल्यावर.

माझ्या टेबलावर मी काड्यापेट्यांचा जिना मांडला होता, सात पायऱ्यांचा, शेवटी उघडं दार. प्रत्येकाने आपली सोंगटी किती पायऱ्या चढणार ते चिठ्ठीवर गुपचूप लिहायचं, मग सगळ्या चिठ्ठ्या एकदम उलटायच्या. तीन सेशन ज्यांनी एकमेकांचे जीव वाचवले होते, ते चौघं चिठ्ठी तळहाताने झाकून लिहीत होते. पाच मिनिटं कुणी बोललं नाही. उलटल्यावर कळलं, एकीने शून्य लिहिलं होतं. ती खालीच उभी राहिली होती, बाकीचे निघावेत म्हणून. त्या शांततेसाठी मी हा खेळ खेळतो.

एक गोष्ट मात्र त्याआधी करा, आणि हे मी कळकळीने सांगतोय. पहिल्या सेशनआधी प्रत्येकाला वेगळं गाठून विचारा, कुठला विषय टेबलावर नको. कॉलेज, होस्टेल, सीनियर, नापास होण्याची भीती, हे आपल्या अनेकांच्या आयुष्यात खरंच घडून गेलेलं असतं. मी एकदा न विचारता होस्टेलच्या गच्चीचा प्रसंग घातला. एक जण काही न बोलता उठून बाहेर गेला. त्याच्या रूममेटचं काय झालं होतं ते मला त्या रात्री कळलं. तेव्हापासून एक्स काढलेलं कार्ड टेबलाच्या मधोमध असतं. कुणीही त्याला हात लावला की प्रसंग तिथेच थांबतो, कारण विचारायचं नाही. एवढी खात्री असली की प्लेअर उलट जास्त खोल अंधारात यायला तयार होतात.

चारच प्लेअर आहेत, मग ट्रान्सिल्व्हेनियासारखा दहाचा वर्ग कसा भरायचा, हा प्रश्न आता तुम्हाला पडेल. हजेरीपटावर सहा नावं तुम्ही लिहा. त्यातल्या एकाला चांगला चहा करता येऊ दे, एकाला प्लेअरांच्या असाइनमेंट पूर्ण करून द्यायची सवय असू दे. दर सेशनला हजेरी मोठ्याने घ्या. चौथ्या-पाचव्या वेळी एखादं नाव वाचलं की प्लेअरच त्याच्या वतीने 'हजर' म्हणतील. तिथून पुढे जिना मांडायला हरकत नाही.