पऱ्हाटीची कुट्टी गाडली आणि मका पिवळा पडला

भोकरदनच्या दादांचा प्रश्न असा : मे अखेरीस पऱ्हाटीची (कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या वाळक्या झाडांची) कुट्टी करून रोटाव्हेटरने गाडली, पावसावर मका पेरला, आणि वीस-बावीस दिवसांत खालची पानं टोकाकडून पिवळी पडायला लागली. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब 0.38 टक्के. मग पऱ्हाटी जाळलेलीच बरी होती का?

नाही दादा, जाळू नका. कुट्टी केली ते बरोबरच केलं, वेळ तेवढी चुकली.

मेमध्ये रान कोरडं, म्हणून कुट्टी तशीच पडून राहिली. पहिल्या पावसासरशी जिवाणू आणि बुरशी तिच्यावर तुटून पडले. त्यांच्या शरीरात साधारण 8 भाग कर्बामागे 1 भाग नत्र (नायट्रोजन) असतं. खाल्लेला बराचसा कर्ब ते श्वासावाटे हवेत सोडतात, म्हणून खाण्यात 24-25 ला 1 प्रमाण असलं की त्यांचं भागतं. पऱ्हाटीत नत्र त्याहून फार कमी. मग कमी पडलेलं ते मातीतून उचलतात, आणि त्याच दिवसांत मक्यालाही ते हवं असतं. हे नत्र बुडालेलं नाही, उसनं गेलंय. कुट्टी कुजत आली की तेच जिवाणू मरतात आणि ते मोकळं होतं.

तोवर पीक सांभाळा. वाफसा आला की एकरी 20-25 किलो युरिया ओळीच्या कडेला द्या आणि कोळपून लगेच मातीआड करा. आपल्या चुनखडीच्या जमिनीत उघड्यावर टाकलेल्या युरियाचा अमोनिया होऊन उडून जातो.

आता ते 0.38 टक्के. एकराच्या वरच्या 15 सेंटीमीटर थरात सुमारे 8 लाख किलो माती धरा. आकडा 0.1 टक्क्याने वाढवायचा तर 800 किलो कर्ब मातीत टिकायला हवा. एक टन वाळलेल्या पऱ्हाटीत कर्ब असतो 400-450 किलो, आणि त्यातलाही बहुतेक वर्षभरात हवेत जातो. म्हणून एका हंगामात अहवाल बदलत नाही. जाळली तर तेवढाही राहत नाही. जवळजवळ सगळं नत्रही धुरात जातं. मागे राखेत राहतं पालाश (पोटॅश), ज्याची काळ्या रानात सहसा वाण नसते.

माझ्या शेतात मी एकदा बांधावरच्या लिंबाखालचं आणि मधल्या रानातलं अशी दोन वाळलेली ढेकळं काचेच्या ग्लासांत पाण्यात सोडली. रानातलं पाच मिनिटांत गाळ होऊन बसलं. बांधावरचं तासाभराने उचललं तरी अखंड. माती तीच, पण तिथे नांगर कधी गेला नाही आणि पाला दरसाल पडतो. मुळं-बुरशीचा चिकटपणा टिकला तो त्यामुळे.

पावसात रानातून वाहून गेलेला असाच गाळ केळना नदीतून पूर्णेत, पुढे येलदरी धरणात अडकला नाही तर गोदावरीत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जातो. समुद्रातही मातीतल्या जिवाणूंसारखाच प्रमाणाचा हिशेब आहे : तिथल्या सूक्ष्म वनस्पतींना कर्बाच्या 106 अणूंमागे नत्राचे 16 आणि स्फुरदाचा (फॉस्फरसचा) 1 लागतो. एक जरी कमी पडला तरी वाढ थांबते.

पुढच्या वर्षी फरदड (वेचणीनंतर पाणी देऊन पुढे राखलेली कपाशी) धरू नका, बोंडअळी तिच्यातच राहते. जानेवारीत वेचणी आटोपली की कुट्टीचा ढीग घाला, शेणकाला आणि थोडा युरिया शिंपडा, बांधावर गिरिपुष्पाचं झाड असेल तर त्याचा पालाही थरांत टाका. ढीग ओला ठेवण्यापुरतं पाणी नसेल तर कुट्टी गाडू नका, पिकाच्या ओळींत वर पसरा. वर राहिलेली कुट्टी मातीतलं नत्र फारसं ओढत नाही.

युरिया दिल्यावर आठ दिवसांनी मक्याचं नवं पान बघून सांगा. तेच पिवळं आणि शिरा हिरव्या दिसल्या तर प्रश्न नत्राचा नाही, लोहाचा आहे, आणि त्याचा उपाय वेगळा.