संभाजीनगरात आमच्या कॉलनीतल्या शाळेसमोर गाड्या सुसाट जातात, स्पीड ब्रेकर टाकला तर पुरेल का?

नाही, नुसत्या ब्रेकरनं भागत नाही, गेटसमोरचं झेब्रा क्रॉसिंगच फुटपाथच्या उंचीला उचलून घ्या अन् तिथं रस्ता दोन्हीकडून अरुंद करा, म्हणजे गाडी आपोआप हळू होते आणि लेकरांना कमी अंतर ओलांडावं लागतं. मी रस्त्याच्या कामावरच असतो, आपल्याकडं ब्रेकर म्हणजे डांबराचा उभा ढीग, खरं तर इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या संस्थेच्या मापानं तो गाडी जाते त्या दिशेनं ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच अन् गोलसर पाहिजे, ताशी २५ किमीनं ओलांडता येईल असा. पाणी निघायला कडेला पाइप ठेवा नाहीतर पावसाळ्यात तळं होतं. फक्त जालना रोडसारख्या मोठ्या रस्त्यावर हे नको, तिथं सिग्नल आणि दुभाजकात थांबायला जागा लागते.