वाचकांचे प्रश्न : महासंघाचा दट्ट्या आणि घरची राखण

प्रश्न : माझी मुलगी स्पर्धा परीक्षेची तयारी करते आहे. युरोपीय महासंघात प्रवेश मिळवण्यासाठी पूर्व युरोपातील देशांनी आपली न्यायव्यवस्था आणि प्रशासन सुधारले, असे तिच्या टिपणांत वाचले. बाहेरून घातलेल्या अटींमुळे संस्था खरोखर बदलतात, की नवे कायदे कागदावर येतात आणि कारभार पहिल्यासारखाच चालतो?
— एक वाचक, नेरुळ

उत्तर : आपली शंका रास्त आहे. टिपणांत १९९३ च्या कोपनहेगन निकषांचा उल्लेख असेलच. लोकशाही आणि कायद्याचे राज्य सांभाळणाऱ्या स्थिर संस्था, चालती बाजारव्यवस्था आणि महासंघाचे कायदे अमलात आणण्याची कुवत दाखवल्याशिवाय कोणत्याही देशाला आत घेतले जात नाही. त्यामुळे उंबरठ्यावर उभा असलेला देश झपाट्याने बदलतो. मात्र एकदा आत आलेल्या देशाला काढून टाकण्याची तरतूद महासंघाच्या करारांत नाही, आणि संस्थांची खरी कसोटी तेथून पुढे लागते.

रोमानियाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू त्यात दिसतात. डिसेंबर २००४ मध्ये मोनिका माकोवेई या पक्षाबाहेरच्या वकील तेथे न्यायमंत्री झाल्या आणि त्यांच्या काळात भ्रष्टाचारविरोधी संचालनालयाला बळ मिळाले. १ जानेवारी २००७ रोजी देश महासंघात गेला, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांना मंत्रिमंडळातून वगळण्यात आले. एवढेच पाहिले तर आपली शंका खरी ठरते. परंतु महासंघाने रोमानिया आणि बल्गेरियासाठी प्रवेशानंतरही देखरेखीची खास व्यवस्था ठेवली होती, तिचे अहवाल नियमित येत राहिले आणि संचालनालय टिकले. माजी पंतप्रधान आद्रियान नस्तासे यांना २०१२ मध्ये भ्रष्टाचाराच्या खटल्यात तुरुंगात जावे लागले.

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री मात्र सरकारने एक वटहुकूम काढला. अधिकाराच्या गैरवापरामुळे झालेले नुकसान दोन लाख लेउपेक्षा (लेउ हे रोमानियाचे चलन) कमी असेल तर तो गुन्हा धरू नये, अशी त्यात तरतूद होती. सत्ताधारी पक्षाचे प्रमुख लिविउ द्राग्नेआ यांच्यावर याच स्वरूपाच्या आरोपाचा खटला चालू होता. कडाक्याच्या थंडीत लाखो लोक रस्त्यावर आले आणि पाचव्या दिवशी वटहुकूम मागे घ्यावा लागला. तरीही लोक हटले नाहीत. १२ फेब्रुवारीच्या रात्री बुखारेस्टच्या व्हिक्टोरिया चौकात प्रत्येकाने निळा, पिवळा किंवा लाल कागद मोबाइलच्या उजेडात धरला आणि सरकारच्या इमारतीसमोर राष्ट्रध्वज उभा राहिला. संस्था उभी करताना दट्ट्या बाहेरचा होता, हे मान्य. पण त्या रात्री तिची राखण करायला आलेली माणसे त्या देशाचीच होती, आणि मला हे फार मोलाचे वाटते.

संचालनालयाच्या प्रमुख लाउरा केवेशी यांना २०१८ मध्ये पदावरून दूर करण्यात आले, आणि हे त्यांच्या हक्कांचे उल्लंघन होते असा निकाल २०२० मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने दिला. (हे न्यायालय महासंघाचे नसून युरोप परिषद या वेगळ्या संघटनेचे आहे. मुलीला आवर्जून सांगावे, येथे हमखास गफलत होते.) पुढे जून २०२१ मध्ये महासंघाचे स्वतःचे अभियोक्ता कार्यालय सुरू झाले, तेव्हा त्याच्या पहिल्या प्रमुख केवेशीच होत्या.

पोलंडमध्ये महासंघाने पैशाचा मार्ग वापरला. न्यायाधीशांवर कारवाई करणाऱ्या शिस्तभंग कक्षामुळे न्यायालयांचे स्वातंत्र्य धोक्यात येते, असा महासंघाचा आक्षेप होता. त्या कक्षाचे काम थांबवले नाही म्हणून २०२१ मध्ये दररोज दहा लाख युरोंचा दंड बसला आणि कोविडनंतरच्या पुनरुभारणीचा निधी अडून राहिला. तो खुला झाला २०२४ मध्ये, म्हणजे तेथील मतदारांनी सरकार बदलल्यावर.

प्रश्न : मग सार्कमुळे भारतात किंवा शेजारी देशांत असा बदल का झाला नाही?
— एक विद्यार्थी, ठाणे

उत्तर : कारण सार्कच्या, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या सहकार्य संघटनेच्या, हाती तसा अधिकार कोणी दिलाच नाही. १९८५ मध्ये ढाक्यात संमत झालेल्या सनदेनुसार प्रत्येक निर्णय एकमताने व्हावा लागतो आणि द्विपक्षीय वादाचे विषय चर्चेतूनच वगळलेले आहेत. सदस्य देशाला बांधील धरणारे न्यायालयही नाही.

अधिकार सोडणे म्हणजे काय, ते ठाणेकरांनी जवळून पाहिले आहे. मुलुंडच्या जकात नाक्यावर मालमोटारींची लांबच लांब रांग लागत असे. १ जुलै २०१७ रोजी मुंबईची जकात संपली, पण त्याआधी घटनादुरुस्ती झाली, राज्यांनी कर बसवण्याचा अधिकार वाटून घेतला आणि वस्तू व सेवा कर परिषद स्थापन झाली, जिथे तीन चतुर्थांश मतांनी निर्णय होऊ शकतो. म्हणजे एखादे राज्य विरोधात असले तरी काम अडत नाही. सार्कमध्ये नेमके उलटे घडते. २०१४ च्या काठमांडू परिषदेत मोटार वाहतुकीचा करार पाकिस्तानच्या हरकतीमुळे राहून गेला, आणि तेव्हापासून सार्कची शिखर परिषदच भरलेली नाही. त्यानंतर २०१५ मध्ये भारत, बांगलादेश, नेपाळ आणि भूतान यांनी थिंफूमध्ये वेगळा करार केला; तोही पुढे भूतानच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने नाकारला.