बंद पडलेल्या सिनेमागृहाच्या जागी मोठे स्टोअर आले, तर आमची पायी चालण्याजोगी गल्ली टिकेल का?

आपण लिहिले आहे की इंदूरच्या राजवाड्यापासून चालत दहा मिनिटांवरच्या आपल्या वस्तीत एक जुने सिनेमागृह पाडून तेथे किराणा, कपडे आणि भांडी एकाच छताखाली विकणारे मोठे स्टोअर उभे राहणार आहे, आणि त्यामुळे गल्लीतली वर्दळ मोडेल अशी आपल्याला भीती वाटते. माझे उत्तर असे आहे की गल्ली टिकू शकते. मात्र ते स्टोअर किती मोठे आहे यावर ते अवलंबून नसून, त्याची रस्त्याकडची रुंदी किती, त्याचे दार कोठे उघडते आणि गाड्या कोठून आत शिरतात, यावर अवलंबून आहे. इंदूरमध्येच एका वास्तुविशारदाच्या कार्यालयात सव्वीस वर्षे नकाशे काढण्यात गेली आणि त्यांत दुकानांचेच नकाशे पुष्कळ होते, म्हणून हे थोडे विस्ताराने लिहितो.

मोठे दुकान ही आपल्या शहराला नवी गोष्ट नाही. महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमध्ये किंवा सीतलामाता बाजारात एखाद्या जुन्या पेढीत जाऊन पाहा. रस्त्यावर दहा-बारा फुटांचे तोंड, पुढे ओटला, आत पांढरी चादर घातलेली गादी. ‘अजून दाखवा’ म्हटले की नोकर मागच्या अरुंद जिन्याने वर जातो आणि गठ्ठे घेऊन उतरतो, तेव्हा कळते की दुकान आत खोलवर आणि वर दोन मजल्यांपर्यंत गेलेले आहे. अशी दुकाने खोल आहेत, रुंद नाहीत. रस्त्याने चालणाऱ्याला दर चार पावलांवर नवे दार, नवा माल आणि छज्ज्याची सावली मिळते, आणि वैशाखाच्या उन्हात त्या सावलीमुळेच माणूस पुढच्या दुकानापर्यंत जातो.

आता नव्या स्टोअरचा हिशेब करू. एका मजल्यावर 30,000 चौरस फूट, म्हणजे समजा 150 फूट रुंद आणि 200 फूट खोल. ही 150 फुटांची बाजू रस्त्यावर आली आणि तिच्यावर फक्त काच व जाहिरातींचे फलक लागले, तर जुन्या बाजारात जेथे बारा दुकाने मावली असती तेथे एक मुकी भिंत उभी राहील. यावर उपाय सोपा आहे. प्रवेशासाठी मधे 30 फूट सोडावेत आणि उरलेल्या 120 फुटांत 12 फूट रुंद, 15 फूट खोल असे दहा गाळे रस्त्याला लावून काढावेत. स्टोअरचा विस्तीर्ण मजला त्यांच्या मागे राहील. यात स्टोअरची जागा जाते 1,800 चौरस फूट, म्हणजे शेकडा सहा, आणि रस्त्यावरच्या गाळ्याला चौरस फुटामागे भाडे आतल्या जागेपेक्षा जास्तच येते, त्यामुळे जागामालकाचे नुकसान होते असेही नाही.

खरे तर आपले सिनेमागृहसुद्धा असाच एक मुका डबा होता. तरीही त्याच्या बाजूच्या भिंतीला चिकटून पानाची टपरी, चणेवाला आणि सायकल स्टँड असे, आणि खेळ सुटला की सारी गल्ली भरून जाई, हे आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारले तर ते सांगतील.

दाराच्या बाबतीत मला एक जुनी खंत आहे. आमच्या कार्यालयाने एका साखळी दुकानासाठी रस्त्यावर उघडणारे रुंद दार काढून दिले होते. उद्घाटनानंतर थोड्याच महिन्यांत त्या दाराचे शटर कायमचे खाली ओढले गेले आणि तळघरातल्या पार्किंगमधून येणारा रस्ता तेवढा उरला. दोन दारे म्हणजे दोन पहारेकरी, पिशव्या तपासण्याच्या दोन जागा आणि चोरीची दुप्पट काळजी, असे त्यांचे कारण होते आणि ते अगदी खोटेही नव्हते. पण मग दार एकच ठेवायचे असेल तर ते रस्त्यावरचे असावे आणि तळघरातला जिना त्याच दाराच्या आतल्या दालनात यावा, असे आम्ही नकाशातच पक्के करायला हवे होते. गाडीने आलेला माणूसही मग निदान एकदा रस्त्याकडे तोंड करतो.

पार्किंगचा आग्रह सर्वांत महाग पडतो. तळघरात एका मोटारीला, तिच्या वळण्याच्या वाटेसह, साधारण 32 चौरस मीटर जागा धरतात. म्हणजे शंभर मोटारींना सुमारे 34,000 चौरस फूट लागतात, म्हणजे प्रत्यक्ष दुकानाहूनही जास्त. वॉशिंग्टनच्या कोलंबिया हाइट्स भागात 2008 साली मेट्रो स्थानकाजवळ अनेक मोठी दुकाने एकावर एक रचून जे संकुल झाले, त्याच्याखाली सुमारे 1,000 गाड्यांची सोय केली होती आणि तिचा मोठा भाग रिकामाच राहिला, कारण लोक चालत आणि मेट्रोने येत होते. याउलट व्हिएन्नातील वेस्टबानहोफ रेल्वे स्थानकाशेजारी आयकिया या फर्निचर विकणाऱ्या कंपनीने 2021 साली जे बहुमजली दुकान उघडले, त्यात ग्राहकांच्या मोटारींसाठी जागाच ठेवली नाही. लहान वस्तू हातात न्याव्यात, कपाट-पलंग घरपोच यावेत, असा हिशेब. आपल्याकडे बहुतेक लोक दुचाकीवर येतील, म्हणून दुचाकींची सोय भरपूर आणि मोटारींची बेताची असावी.

मालाचा ट्रक हा प्रश्न मात्र टाळता येत नाही. तेथे आपल्या सराफा बाजाराची रीत उपयोगी पडेल: दिवसा सोनेचांदी, रात्री दुकाने मिटली की त्याच ओटल्यांपुढे खाण्याचे ठेले. एकच जागा दोन पाळ्यांत वापरणे इंदूरकराला शिकवावे लागत नाही. मोठा ट्रक शहराबाहेर रिकामा करून माल छोट्या गाड्यांनी पहाटे आणावा आणि सकाळी सातनंतर मागचे फाटक बंद राहावे.

शेजारच्या किराणा दुकानदारांचे काय, हेही आपण विचारले आहे. सुटे सामान आणि डाळ-तांदूळ यांची काही गिऱ्हाइके जातील, हे मी नाकारत नाही. उधारी आणि घरी माल पोहोचवणे ज्यांचे चालते ते टिकतात, आणि पुढचे दहा गाळे त्यांच्यापैकी काहींना मिळाले तर स्टोअरला येणारी माणसेच त्यांचीही गिऱ्हाइके होतील. दुकान लहान म्हणून ते आपोआप चांगले, असे मात्र मी मानत नाही. वजनात मारणारे मी दोन्हीकडे पाहिले आहेत.

स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी 1918 साली होळकर दरबाराला इंदूरविषयी जो अहवाल दिला, त्यात जुन्या वस्त्या फोडून रुंद रस्ते काढण्यापेक्षा जागोजागी थोडी छाटणी करण्यावर त्यांचा भर होता. आपल्या जागेलाही तेच लागू पडते. महापालिकेत नकाशा मंजुरीला जाण्यापूर्वी वस्तीतल्या चार जणांनी मिळून मालकाकडे तळमजल्याचा नकाशा मागावा आणि त्यावर दार, गाळे, उतार आणि मागचे फाटक बोटाने दाखवायला सांगावे. तळघराचा उतार मुख्य रस्त्यावर, गाळ्यांच्या मधोमध काढलेला दिसला, तर हरकत त्याच वेळी लेखी द्यावी. स्लॅब ओतल्यावर उतार हलत नाही.