१५०-६०० हप्त्यावर घ्यायच्या आधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॅननची क्रॉप बॉडी (लहान सेन्सरचा कॅमेरा) आहे, सोबत १८-५५ आणि ५५-२५० मिमी या लेन्सेस. कास पठाराची फुलं, भिगवणचे पक्षी, जत्रा, नदीचे घाट असं सगळंच आवडतं. पस्तीस हजार साठलेत, उरलेल्याचे हप्ते करून १५०-६०० मिमीची मोठी लेन्स घ्यावी का? शिवाय माझ्या आवडत्या लेन्सेस कोणत्या, असंही विचारलंय.

मी साताऱ्याची. नोकरी सांभाळून रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन बाहेर पडते, त्याला आता चौदा वर्षं झाली. माझं उत्तर आधीच सांगून टाकते: १५०-६०० आत्ता घेऊ नका. ती लेन्स फार चांगली आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तुम्ही ज्या चार प्रकारच्या जागा सांगितल्यात, त्यातल्या एकाच ठिकाणी ती लागते, आणि तिथेही वर्षातून दोन-तीनदा.

आधी घरी बसून एक काम करा. मागच्या वर्षभरातले तुम्हाला खरंच आवडलेले शंभर फोटो वेगळे काढा आणि प्रत्येकाची फोकल लेंग्थ (लेन्सचा मिमीतला आकडा, जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं) बघा, फोटोच्या माहितीत ती असतेच. मी हे केलं तेव्हा माझे १८-५५ वरचे निम्म्याहून जास्त फोटो २२ ते २८ मिमीच्या मध्ये निघाले. मग एका रविवारी झूमची रिंग २४ वर ठेवून काळी चिकटपट्टी लावली आणि वाईला गेले. मेणवलीचा घाट, नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा. वसईच्या मोहिमेतून आणलेली ती मोठी पोर्तुगीज घंटा आहे ना, तिच्यापाशी सकाळी साडेसहाला उभी राहिले. झूम करता येत नाही म्हटल्यावर पाय चालू लागतात. दोन पायऱ्या खाली उतरले, तशी घंटा आणि कृष्णेच्या पाण्यातलं झाडांचं प्रतिबिंब एका चौकटीत आलं. त्याआधी तिथे सहा-सात वेळा गेले असेन, ती जागा कधी सापडली नव्हती.

त्यानंतर घेतलेली २४ मिमी एफ २.८ ही आज माझी सगळ्यात लाडकी लेन्स आहे. कॅननची चपटी येते ती. वजन सव्वाशे ग्रॅम, जाडी जेमतेम दोन-सव्वादोन सेंटिमीटर. क्रॉप बॉडीवर ती साधारण ३८ मिमीसारखं दिसतं तेवढं दाखवते, म्हणजे समोरच्या माणसाशी बोलताना आपल्या नजरेत जेवढं मावतं, जवळपास तेवढंच. सेन्सरपासून १६ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाऊन फोकस होतो. आणि मुख्य म्हणजे ती लावलेला कॅमेरा बघून कुणी सावध होत नाही.

जत्रेत तिचा खरा उपयोग कळतो. पौषात पालच्या खंडोबाची यात्रा भरते, तारळी नदीच्या काठी, खंडोबा-म्हाळसेच्या लग्नाची. भंडारा आणि खोबरं उधळलं जातं, हवाच पिवळी होते, समोरचा माणूस दिसत नाही. पहिल्या वर्षी मी तिथे १८-५५ नेली होती. ही लेन्स झूम करताना पुढे-मागे सरकते आणि भात्यासारखी हवा आत ओढते. हळदीची इतकी बारीक पूड त्या हवेबरोबर आत गेली, की घरी आल्यावर रिंग फिरवताना करकर आवाज यायला लागला. त्यावर मी ओलं फडकं फिरवलं, ही दुसरी चूक. ओली हळद खाचांमध्ये बसली ती आजही पूर्ण निघालेली नाही. भंडाऱ्याच्या ठिकाणी झूम नको, आणि लेन्स बदलणं तर अजिबातच नको. मी आता २४ घरूनच लावून नेते, पुढे फिल्टर असतो, बॉडीला प्लॅस्टिकची पिशवी आणि रबरबँड. घरी परत आलं की आधी ब्लोअरने हवा मारायची, मग मऊ कोरडा ब्रश. पाणी लावायचंच नाही.

तिथलाच एक फोटो माझ्या टेबलासमोर लावलाय. गर्दीतून बाहेर पडून एका ओट्यावर बसले होते. शेजारच्या आजींनी पदराची गाठ सोडली, त्यातला चिमूटभर भंडारा माझ्या कपाळाला लावला आणि उरलेला तसाच कॅमेऱ्याच्याही कपाळाला, फ्लॅशच्या उंचवट्यावर. "त्यालाबी लावू दे," म्हणाल्या. मग मी त्यांच्या तळहाताचा फोटो काढू का विचारलं. भेगाळलेला हात, रेषारेषांत भरलेली हळद, मागे धूसर दीपमाळ. त्या हातापासून माझी लेन्स वीतभर अंतरावर होती. लांबून टिपणारी टेलीफोटो असती तर मी लांब उभी असते आणि आजी माझ्याशी बोलल्याही नसत्या.

आता कास. इथे बहुतेक जण वाइड, म्हणजे रुंद दृश्य टिपणारी लेन्स घेऊन येतात आणि घरी जाऊन म्हणतात की डोळ्यांना जो गालिचा दिसला तो फोटोत आलाच नाही. कारण सरळ आहे. उभं राहून वरून बघितलं की दोन झाडांमधलं हिरवं गवत आणि खडक दिसतो. तुमची ५५-२५० लावा, पायवाटेवर गुडघे टेकून बसा, कॅमेरा फुलांच्या उंचीला आणा आणि २०० च्या पुढे जा. मधल्या फटी मिटतात, लांबची ओळ जवळच्या ओळीला चिकटते आणि तेरड्याचा गुलाबी पट्टा सलग दिसतो. याच लेन्सने कुमुदिनी तलावातली पांढरी फुलंही मिळतील, काठावरून, पाण्यात न उतरता. तुमच्याकडची एसटीएम (नव्या मोटरची) आवृत्ती असेल तर ती २५० वर ८५ सेंटिमीटरपर्यंत जवळ फोकस करते. सोनकीसारख्या फुलाला तेवढं पुष्कळ होतं.

पण सीतेची आसवं ही इवली फुलं आणि दवबिंदू यांच्यासाठी मात्र मॅक्रोच हवी, म्हणजे अगदी जवळून मोठं टिपणारी लेन्स. माझी दुसरी लाडकी लेन्स तीच, १०० मिमी एफ २.८ मॅक्रो, जुनी, स्टॅबिलायझर (हाताची थरथर सावरणारी सोय) नसलेली, सहाशे ग्रॅमची. सेकंडहँड घेतली. दवबिंदू म्हणजे ड्रोसेरा, कीटक खाणारी वनस्पती. पायवाटेच्या कडेला पाणी झिरपतं तिथे ती उगवते आणि उभ्याने बघाल तर लाल गवताचं पातं वाटेल. मी खताची रिकामी गोणी अंथरून वाटेवरच आडवी होते. १०० मिमीने सगळ्यात जवळून टिपतानाही लेन्सच्या तोंडापुढे साधारण १५ सेंटिमीटर जागा राहते, त्यामुळे वाट सोडून आत जावं लागत नाही. मग दिसतं: प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब, त्यात ढगाळ आभाळ उलटं, आणि एका थेंबात अडकलेलं चिलट पाय हलवत असतं. लेन्सचं छिद्र एफ ८ इतकं लहान केलं तरी फोकसमध्ये येणारा भाग एक मिलिमीटरही नसतो. वारा थांबायची वाट बघायची. कासला वारा थांबतो तो दोन-तीन सेकंदच. कधी एका फोटोला अर्धा तास जातो आणि तो अर्धा तास मला फार प्रिय आहे.

इथे एक कळकळीची विनंती. कासला कातळावर मातीचा थर अगदी पातळ आहे, कित्येक ठिकाणी बोटभरही नाही. २०१२ मध्ये ते जागतिक वारशात गेलं ते याच थरावर जगणाऱ्या फुलांमुळे. फोटोसाठी एक पाऊल आत टाकलं की त्याखाली पुढच्या वर्षीचं बी चिरडतं. दर वर्षी फुलांवर लोळून फोटो काढणारी माणसं बघते आणि जीव तुटतो. शक्य असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवसाचं बुकिंग करा आणि पहिल्या वेळेत पोचा. यवतेश्वरचा घाट चढतानाच गाडीचा एसी बंद करून काचा उघडा, नाहीतर वर पोचल्यावर थंड लेन्सवर बाष्प धरतं आणि पहिली वीस मिनिटं पुसण्यात जातात.

भिगवणसाठीच तुम्हाला १५०-६०० हवी आहे, ते समजतं. आम्ही साताऱ्याहून पहाटे तीन-साडेतीनला निघतो, फलटण-बारामतीमार्गे, म्हणजे उजाडताना कुंभारगावच्या काठावर होडीत बसता येतं. उजनी धरणाच्या फुगवट्यात पाणी उथळ असतं आणि स्थानिक नावाडी पक्ष्यांच्या सवयी ओळखून हळूहळू नेतात. रोहित पक्ष्यांचा थवा, चित्रबलाक, पाण्यावर घिरट्या घालणारे कुरव (सीगल), यांना क्रॉप बॉडीवरची २५० पुरते, कारण ती ४०० सारखं दाखवते. पाण्यात चोच उलटी बुडवून चरणारे पंधरा रोहित आणि त्यांच्या मागे कोवळं ऊन, हा फोटो मी ५५-२५० नेच काढलाय. एकट्या पक्ष्याचा डोळा टिपायचा तर ६०० हवी. ती दोन दिवसांसाठी भाड्याने घ्या, पुण्यात सहज मिळते. दोन किलोची लेन्स हलत्या होडीत तीन तास हातात धरून बघा, मग घ्यायची की नाही ते ठरवा. शटरचा वेग १/१६०० सेकंदाच्या खाली आणू नका, आणि जमेल तितकं खाली वाकून, पाण्याच्या जवळून टिपा.

आणि दहानंतर मोठ्या लेन्सने काढलेले लांबचे फोटो मऊ आले तर लेन्सला दोष देऊ नका. ऊन तापलं की पाण्यावरची हवा थरथरते, त्यापुढे कुठल्याच काचेचं काही चालत नाही. नावाड्याला "थवा उडवून दाखवा" असं कधीही सांगू नका. हजारो किलोमीटर उडून आलेली पट्टकादंबं (हंसासारखे पाहुणे पक्षी) तिथे विसावलेली असतात, त्यांना फोटोपायी उठवायचं नाही.

वाइडबद्दल फार लिहीत नाही. १०-१८ माझ्याकडे आहे, सज्जनगड आणि रात्रीच्या आभाळासाठी वर्षातून चार-पाचदा निघते. तुम्हाला अजून तीन वर्षं तरी लागणार नाही.

म्हणजे पैशांचं असं: आधी २४, मग चांगल्या अवस्थेतली जुनी १०० मॅक्रो. जुनी घेताना मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने आत मारून पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर कितीही स्वस्त असली तरी सोडा, ती बुरशी आहे. हे मी सोसून शिकले. माझी पहिली ५० मिमी मी दोन पावसाळे चामड्याच्या केसमध्ये कपाटात ठेवली होती. बुरशी धरली. एका दुकानात साफ करायला दिली, तिथून परत आली तेव्हा काचेवर ओरखडे होते आणि फोकस कायम हव्या त्या जागेच्या मागे पडत होता.

म्हणून उरलेल्या पैशांतून सगळ्यात आधी हवाबंद मोठा डबा घ्या, भांड्यांच्या दुकानात मिळतो तो चालतो. आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिला पाहिजे. निळ्या दाण्यांचं जेल असेल तर ते गुलाबी झालं की जुन्या कढईत मंद आचेवर पुन्हा निळं होईपर्यंत परतायचं, खिडकी उघडी ठेवून, आणि ती कढई मग स्वयंपाकाला वापरायची नाही. कॅमेऱ्याची बॅग फिरण्यापुरती ठेवा, पावसाळ्यात लेन्सेस रात्रभर तिच्यात राहू देऊ नका. आमच्याकडे जूनच्या पहिल्या पावसाला तो डबा माळ्यावरून खाली येतो आणि दिवाळीपर्यंत खालीच असतो.