अ‍ॅस्पेनच्या खाणींतली चांदी संपली म्हणून तिथे स्कीइंग आलं का?

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातलं अ‍ॅस्पेन आधी चांदीच्या खाणींचं गाव होतं, मग चांदी संपल्यावर ते स्की रिसॉर्ट कसं झालं, असं तुम्ही विचारलंय. आधी एक दुरुस्ती. चांदी संपली नव्हती, तिचा भाव बसला. आणि भाव बसल्यापासून पहिली खुर्चीची लिफ्ट सुरू होईपर्यंत ५३ वर्षं गेली.

१८७९ मध्ये लेडव्हिलहून काही जण १२,०९५ फूट उंचीची इंडिपेंडन्स खिंड ओलांडून रोअरिंग फोर्क नदीच्या खोऱ्यात उतरले. मुलूख यूट या मूळनिवासी लोकांचा, म्हणून वस्तीचं पहिलं नाव यूट सिटी. पुढच्याच वर्षी ते अ‍ॅस्पेन झालं. चुनखडीच्या थरांत चांदी भरपूर होती, पण ती बाहेर न्यायची कशी? गाढवं-खेचरं लादून माल खिंडीपलीकडे जायचा, आणि त्या भाड्यात फक्त उत्तम प्रतीचं खनिज परवडायचं. कमी चांदीचा दगड खाणीच्या तोंडाशीच पडून राही. १८८७ च्या ऑक्टोबरात डेन्व्हर अँड रिओ ग्रांडची रेल्वे पोचली, काही महिन्यांत कोलोरॅडो मिडलंडची दुसरी आली, आणि त्याच पडीक दगडाचे पैसे होऊ लागले. मेसीज या न्यूयॉर्कच्या दुकानातला भागीदार जेरोम व्हीलर याने इथे भांडवल ओतलं. त्याच्या नावाचं हॉटेल आणि ऑपेरा हाउस, दोन्ही १८८९ ची, अजून उभी आहेत.

आता भाव का बसला ते. त्याचा एक धागा थेट आपल्या मुंबईच्या फोर्टात येतो. तोपर्यंत कोणीही चांदी घेऊन मुंबई किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत जावं, घडणावळ भरावी आणि रुपये पाडून घ्यावेत, अशी मोकळीक होती. एका रुपयात १६५ ग्रेन (सुमारे १०.७ ग्रॅम) शुद्ध चांदी. म्हणजे जगातल्या चांदीला एक कायमचं, न थकणारं गिऱ्हाईक होतं. २६ जून १८९३ रोजी हिंदुस्थानातल्या ब्रिटिश सरकारने ही मोकळीक बंद केली. अमेरिकेत औंसाला ८० सेंटच्या वर असलेली चांदी चार-पाच दिवसांत ६० च्या घरात आली आणि कोलोरॅडोतल्या खाणींना एकामागून एक कुलपं लागली. अमेरिकन सरकार १८९० च्या शर्मन कायद्याखाली दरमहा ४५ लाख औंस चांदी विकत घेत होतं. तो आधारही १ नोव्हेंबर १८९३ ला गेला. बहुतेक ठिकाणी हा कायदा रद्द होण्यावरच सगळं खापर फोडलेलं दिसतं. माझ्या मते पहिला घाव टांकसाळीचा होता. तारखा लावून पाहा, खाणी बंद झाल्या त्या कायदा रद्द होण्याच्या चार महिने आधी. आणि जमिनीत माल किती होता म्हणाल, तर १८९४ मध्ये इथल्याच स्मगलर नावाच्या खाणीत चांदीचा एक गोळा सापडला. बाहेर काढण्यासाठी फोडल्यावरही त्याचं वजन १,८४० पौंड भरलं, म्हणजे साधारण ८३५ किलो.

मग ओहोटी. खाणी पुढेही थोड्याफार चालल्या, पण १९३० च्या जनगणनेत गावात ७०५ माणसं उरली. बाकीची घरं ओस पडली, काही जळाली, काहींची लाकडं लोकांनी नेली. थकलेल्या कराच्या रकमेत प्लॉट मिळत. आज ज्या जुन्या घरांचं इतकं कौतुक होतं, ती बऱ्याच अंशी गरिबीमुळे वाचली. पाडून नवं बांधायला पैसा होता कोणाकडे?

१९३६ मध्ये ऑलिंपिक बॉबस्लेड विजेता बिली फिस्क आणि त्याच्या साथीदारांनी गावाबाहेर एक लॉज बांधला आणि डोंगर पाहायला आंद्रे रॉक या स्विस हिमस्खलन-तज्ज्ञाला बोलावलं. रॉकने आखलेली वाट गावकऱ्यांनी झाडं तोडून मोकळी केली. वर जायला ‘बोट टो’: बोटीसारख्या दोन लाकडी घसरगाड्या, खाणीतलं जुनं ओढयंत्र आणि मोटारीचं इंजिन. एका खेपेचे १० सेंट. पण ही सोय फक्त पायथ्याच्या टप्प्यापुरती. पुढचा चढ स्की खांद्यावर टाकून पायीच. महायुद्धात लेडव्हिलजवळच्या कॅम्प हेल या लष्करी तळावर टेन्थ माउंटन डिव्हिजन ही डोंगरी युद्धाची अमेरिकन तुकडी प्रशिक्षण घेत होती. त्यातला ऑस्ट्रियन फ्रीडल फायफर युद्धानंतर परतला, शिकागोचा कारखानदार वॉल्टर पेपकी याने भांडवल उभं केलं, आणि १९४६ च्या डिसेंबरात लिफ्ट-१ सुरू झाली. एका खुर्चीत एकच माणूस, आणि दुसरी लिफ्ट बदलून माथ्यावर पोचायला पाऊण तास. १९५० मध्ये इथे जागतिक अल्पाइन (म्हणजे डोंगरउतारावरच्या) स्की स्पर्धा भरल्या, अमेरिकेतल्या पहिल्याच. तिथून गाडी रुळावर आली.

खाणींचा खरा वारसा मात्र जमिनीच्या कागदपत्रांत आहे, आणि तो सहसा कोणी सांगत नाही. कोलोरॅडोतली बहुतेक स्की रिसॉर्टं सरकारी वनजमिनीवर परवाना घेऊन चालतात. अ‍ॅस्पेन माउंटनचा मोठा भाग खासगी आहे, कारण तिथल्या क्लेमची, म्हणजे खाणकामासाठी आखून घेतलेल्या जमिनीच्या पट्ट्यांची, पक्की मालकी एकोणिसाव्या शतकातच देऊन झाली होती. एक क्लेम १,५०० फूट लांब आणि ३०० फूट रुंद, म्हणजे जेमतेम १० एकर. अख्खा डोंगर अशा एकमेकांवर चढलेल्या पट्ट्यांनी झाकलेला. म्हणून स्की कंपनीला उतार वापरण्यासाठी क्लेमधारकांशी भाडेकरार करावे लागले. त्यांतलाच एक, खाणमालकाचा मुलगा डी. आर. सी. ब्राउन, १९५७ मध्ये त्याच कंपनीचा अध्यक्ष झाला.

डोंगरावर गेलात तर ‘डंप्स’ नावाच्या उतारांचा गट पाहा. खाणीतून काढून खाली लोटलेल्या दगडमातीचे ते ढिगारे आहेत. सुटा दगड जितक्या तिरप्या कोनात थांबतो तितकाच तो उतार, म्हणून एकदम उभा. बर्फ कमी असेल तर टोकदार दगड वर येतात आणि स्कीचा तळ खरवडला जातो. नवशिक्याने तिकडे फिरकू नये. दुसरी अडचण गावाच्या पलीकडच्या अंगाला निघाली. स्मगलर खाणीच्या गाळावर घरं उभी राहिली होती, मातीत शिसं सापडलं, आणि १९८६ मध्ये ती जागा अमेरिकन केंद्र सरकारच्या प्रदूषित ठिकाणांच्या यादीत गेली. सफाईसाठी माती खणायला रहिवाशांचाच विरोध होता. १९९९ मध्ये नाव यादीतून निघालं.

जायचं ठरवत असाल तर इंडिपेंडन्स खिंडीचा रस्ता साधारण नोव्हेंबर ते मे बंद असतो, हिवाळ्यात ग्लेनवुड स्प्रिंग्जकडून यावं लागतं. इंडिपेंडन्स नावाच्या जुन्या खाणवस्तीचे ओसाड अवशेष खिंडीच्या वाटेवरच, गावापासून १६ मैलांवर आहेत. त्यामुळे स्कीइंग आणि ते अवशेष एकाच फेरीत होणार नाहीत.